मुक्काम पोस्ट दुबई

आपल्याकडे पोस्टकार्डावरचा पत्ता 'मु. पो.' या दोन अक्षरांनी सुरू होतो. मुक्काम अमुक, पोस्ट तमुक. यातला 'मुक्काम' हा शब्द मूळचा अरबी. त्याचे आपण दोन अर्थ करतो, आणि गंमत अशी की, ते दोन्ही एकमेकांशी नीट जुळत नाहीत. ज्या गावी माणूस जन्मभर राहतो त्या गावाला पत्त्यात आपण मुक्काम म्हणतो. आणि प्रवासात वाटेवर एखादी रात्र काढली, तर तिलाही मुक्कामच म्हणतो. आज ज्या शहराविषयी तुमच्याशी बोलायचे आहे, त्याचा सारा इतिहास या दोन अर्थांच्या मधल्या जागेत घडला आहे. ते शहर म्हणजे आखाताच्या काठचे दुबई.

तुमच्यापैकी पुष्कळांचा दुबईशी संबंध येतो तो वाटेवरचा. मुलगा लंडनला असतो, मुलगी अमेरिकेत असते, आणि त्यांच्याकडे जाताना विमान दुबईला बदलावे लागते. दोन विमानांच्या मध्ये कधी तीन तास असतात, कधी अठरा. तीन तास असले तर तुम्ही खुर्चीवर बसून राहता. अठरा असले आणि आधी व्हिसाची तजवीज केलेली असली, तर शहरात फेरफटका मारता येतो. भारतीय पारपत्रावर अशा वाटसरूंसाठी अठ्ठेचाळीस तासांचा आणि शहाण्णव तासांचा असे दोन खास व्हिसे मिळतात. वाटसरूच्या थांबण्याचा इतका बारीक हिशेब या शहराने का ठेवला असेल? याचे उत्तर शोधायला आपण जुन्या वस्तीत जाऊ. उंच इमारती कुठे पळून जात नाहीत. त्या शेवटी पाहू.

विमानतळाच्या मोठ्या टर्मिनलपाशीच मेट्रोचे स्थानक आहे. गाडी चालकाविना धावते. युनियन स्थानकावर गाडी बदलायची आणि अल रास येथे उतरायचे. तोवर तुम्ही यंत्राने थंड केलेल्या हवेतच असता. स्थानकाचे दार उघडते आणि मग कळते आपण कुठे आलो ते. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी पारा चाळीस अंशांच्या वर असतो, कधी पंचेचाळीसच्याही वर जातो. त्यात समुद्राची दमट हवा. नागपूरच्या उन्हाळ्याचा ज्याला सराव आहे त्यालाही हे ऊन निराळे वाटते, कारण इथे घाम सुकत नाही. शक्यतो सकाळी लवकर किंवा मावळतीला निघावे, टोपी घालावी, पाणी जवळ ठेवावे. थोडे चाललात की समोर खाडी दिसते.

ही खाडी म्हणजेच दुबईचे मूळ. समुद्राचा एक निरुंद फाटा वाळवंटात आत शिरला आहे. एका काठाला देरा, दुसऱ्या काठाला बर दुबई. मध्ये 'अब्रा' नावाच्या लाकडी होड्या सारख्या ये-जा करतात. एका दिरहमात पैलतीर. होडीच्या कडेला पाय सोडून नव्हे, तर मधल्या बाकावर पाठीला पाठ लावून उतारू बसतात. या होडीत बसा आणि आजूबाजूला पाहा. काठाला लाकडी गलबते लागलेली असतात. त्यांत फ्रिज, टायर, तांदळाची पोती, बिस्किटांची खोकी भरलेली दिसतात. हा माल बहुधा दुबईत तयार झालेला नसतो आणि दुबईत खपायचाही नसतो. तो कुठून तरी आला आहे आणि कुठे तरी जाणार आहे. मालही इथे मुक्कामाला आहे म्हणा ना!

या खाडीच्या मुखाशी 1833 साली बनी यास टोळीतले सुमारे आठशे लोक अबू धाबीहून येऊन राहिले. मक्तूम घराण्याची सत्ता तेव्हापासूनची. मागे वाळवंट, पुढे समुद्र. शेत नाही, नदी नाही, पाऊस नावापुरता. अशा गावाने जगावे कसे? दोन गोष्टींवर: समुद्राच्या तळाशी असलेले मोती आणि समुद्रावरून जाणारी गलबते.

गलबतांचे आधी सांगतो. त्या काळी या भागातले भरभराटीचे बंदर दुबई नव्हते, ते होते पलीकडच्या इराणी किनाऱ्यावरचे लिंगा. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी इराण सरकारने आपल्या बंदरांत जकातीची वसुली कडक केली. लिंग्याचे व्यापारी हैराण झाले. याच सुमारास दुबईचे शेख मक्तूम बिन हशर यांनी आपल्या बंदरात नेमके उलटे केले: आयातीवरची जकात काढून टाकली आणि बाहेरच्या व्यापाऱ्यांना राहायला जागा दिली. 'जकात' हा शब्दही आपण अरबीतूनच घेतला, आणि आपल्या नगरपालिकांनी तो किती वर्षे जपला हे तुम्हांला ठाऊक आहेच. इथे मात्र एका छोट्या शेखाने जकात सोडून दिली आणि तिच्या बदल्यात बाजारपेठ मिळवली. लिंग्याचे व्यापारी हळूहळू इकडे सरकले. 1903–04 च्या सुमारास ब्रिटिश इंडिया कंपनीच्या, मुंबईशी ये-जा करणाऱ्या आगबोटी दुबईला नेमाने थांबू लागल्या. 1908 साली कलकत्त्याच्या सरकारी छापखान्यातून निघालेल्या लॉरिमरच्या आखाती गॅझेटियरमध्ये एकट्या देऱ्याच्या बाजारात सुमारे साडेतीनशे दुकाने नोंदलेली आहेत.

होडीतून बर दुबईला उतरलात की या स्थलांतराची खूण उभीच आहे. अल फहिदी नावाच्या वस्तीत अरुंद बोळ आहेत, प्रवाळाच्या दगडाची आणि चुन्यासारख्या गिलाव्याची घरे आहेत, आणि घरांवर चौकोनी मनोरे आहेत. ते मनोरे शोभेचे नव्हेत बरं का! चारी बाजूंनी वारा पकडून तो खाली खोलीत उतरवण्याची ती युक्ती आहे. अशा मनोऱ्याला तिथे 'बरजील' म्हणतात. त्याच्या खाली क्षणभर उभे राहून पाहा, डोक्यावरून उतरणारी झुळूक जाणवते. ही विद्या इराणी किनाऱ्यामागच्या बस्तक गावच्या व्यापाऱ्यांनी आपल्याबरोबर आणली, म्हणून वस्तीचे जुने नाव बस्तकिया. गरिबाला असले घर कुठले? तो खजुरीच्या झावळ्यांच्या खोपटात राहत असे. जवळच अल फहिदीचा छोटा किल्ला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीचा हा किल्ला शहरातली सर्वांत जुनी इमारत मानला जातो.

आता मोत्यांचे. मोती काढण्याचा हंगाम ऐन उन्हाळ्यात असे, कारण तेव्हाच पाणी बुडी मारण्याइतके उबदार असते. गलबते चार-चार महिने समुद्रावर राहत. पाणबुड्याच्या नाकाला चिमटा, पायाला दगड, कमरेला किंवा हाताशी दोर. दगडाच्या भाराने तो तळाला जाई, श्वास टिकेल तेवढ्या वेळात शिंपले टोपलीत भरी आणि दोर हलवी. मग वरचा गडी त्याला ओढून घेई. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत हेच. या गलबताच्या प्रमुखाला अरबीत आणि फारसीत 'नाखुदा' म्हणतात. आपल्या कोकणात, कोळीवाड्यात ज्याला 'नाखवा' म्हणतात, तो हाच. शब्द एक, समुद्र एक.

या मोत्यांची पेठ कुठे होती? मुंबईला! आखातातले मोती मुंबईत येत. तिथे ते चाळले जात, जुळवले जात, त्यांना भोके पाडली जात आणि मग पॅरिसला किंवा संस्थानिकांच्या जामदारखान्यात जात. मोत्याचे मोल ठरवायचे 'चव' हे मुंबईच्या बाजारातले परिमाण आखातातले व्यापारीही वापरीत. परतीच्या गलबतांतून तांदूळ, कापड, मसाले, मलबारचे सागवान जाई. दुबईच्या मुलाने मोठे शहर म्हणून ज्याचे नाव ऐकले असेल, ते मुंबईचे. आज रत्नागिरीचा मुलगा दुबईचे नाव ज्या आवाजात घेतो, त्याच आवाजात तो मुंबईचे नाव घेत असेल.

पण पाणबुड्याच्या पदरात काय पडे? हंगामापूर्वी घरखर्चासाठी तो नाखुदाकडून आगाऊ रक्कम घेई. हंगाम संपला की हिशेब होई आणि बहुधा कर्ज उरेच. मग पुढच्या हंगामात त्याच नाखुदाच्या गलबतावर जाणे भाग पडे. बाप मेला तर कर्ज मुलाच्या माथी येई. मोती पॅरिसला गेला, तरी तो काढणारा त्याच दोराला बांधलेला राहिला. ही आगाऊ रकमेची गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

पुढे जपानमध्ये मिकिमोटो यांनी शिंपल्यात मोती 'पिकवण्याची' कला बाजारात आणली आणि 1929 सालची जागतिक मंदी आली. या दोन तडाख्यांनी आखातातला मोत्यांचा धंदा बसला. दुबईत घरोघर ओढग्रस्त सुरू झाली. आणि याच पडत्या काळात एक निराळे गलबत आकाशातून आले.

लंडनहून कराचीकडे आणि पुढे हिंदुस्थानाकडे जाणाऱ्या विमानांना त्या काळी एका दमात फार दूर जाता येत नसे. रात्रीचे उड्डाणही सहसा होत नसे. तेव्हा इंपीरियल एअरवेज कंपनीला आखातात रात्रीचा मुक्काम हवा होता. 1932 साली तो दुबईशेजारच्या शारजाला मिळाला. तिथे वाळूत धावपट्टी आखली गेली आणि उतारूंसाठी किल्ल्यासारख्या बांधणीचे विश्रामगृह उभे राहिले. ते आजही आहे, त्यात विमानविद्येचे संग्रहालय आहे, आणि जुन्या धावपट्टीच्या जागी शारजाचा गजबजलेला रस्ता आहे. पुढे पाण्यावर उतरणारी विमाने निघाली. त्यांना शांत पाणी हवे. ते दुबईकडे होते. 1937 साली करार झाला आणि ज्या खाडीत गलबते नांगर टाकीत, त्याच खाडीत विमाने उतरू लागली. उतारूंना झोपायला मात्र शारजाला नेत, कारण दुबईत हॉटेलच नव्हते! आज तिथे हॉटेले मोजून संपत नाहीत. पण विमानाच्या उतारूला उतरवून घेण्याचा दुबईचा धंदा इतका जुना आहे, हे तुमच्या लक्षात यावे म्हणून हे सांगितले.

आता आपण आरंभी म्हटलेल्या 'मु. पो.' मधल्या 'पो.' कडे वळू. दुबईत टपाल कचेरी उघडली ती 19 ऑगस्ट 1909 रोजी, आणि ती होती हिंदुस्थानच्या टपाल खात्याची. तिकिटे आपली, शिक्के आपल्या पद्धतीचे. 1947 नंतर काही महिने तो कारभार पाकिस्तानकडे होता आणि 1 एप्रिल 1948 पासून ब्रिटिश टपाल खात्याकडे गेला. पण रुपया मात्र टिकला. दुबईचा दुकानदार, नावाडी, शेख, सारे आपल्याच रुपयात व्यवहार करीत. वाळवंटातल्या शहरात जमीनभाडे ठरायचे ते रुपयांत आणि मजुराची मजुरी मिळायची तीही रुपयांत.

या रुपयाचा शेवट कसा झाला, ती हकीकत आपल्याकडच्या एका मोहाशी जोडलेली आहे. तो मोह सोन्याचा. स्वातंत्र्यानंतर परदेशी चलन वाचवण्यासाठी भारत सरकारने सोन्याच्या आयातीवर बंदी घातली. सोन्याची हौस काही बंदी मानत नाही. दुबईत सोने आणणे आणि बाहेर पाठवणे कायद्याने पूर्ण मोकळे होते. तेव्हा दहा तोळ्यांची बिस्किटे दुबईला उजळ माथ्याने येत, गलबतावर चढत, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर रात्रीच्या अंधारात उतरत. एकाच गलबतावरचा एकच माल: त्या काठाला व्यापार, या काठाला चोरटा व्यापार. बदल्यात रुपये आखातात जात, आणि आखातातल्या बँका ते परत रिझर्व्ह बँकेकडे पाठवून पौंड मागत. म्हणजे बंदी घालून जे परदेशी चलन वाचवायचे, तेच मागच्या दाराने निघून जाई.

यावर उपाय म्हणून 1959 साली भारताने आखातासाठी निराळ्या रुपयाच्या नोटा काढल्या. छापल्या आपल्याच नाशिक रोडच्या छापखान्यात, पण रंग बदलले, आणि क्रमांकाच्या आधी 'झेड' हे अक्षर घातले. या नोटा भारतात चालत नसत. आपल्या देशाने परक्या मुलखासाठी आपल्या नावाचे चलन छापावे, हे आज ऐकून नवल वाटते. पण ते फार दिवस चालले नाही. 6 जून 1966 रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरला 4 रुपये 76 पैसे मोजावे लागत, ते साडेसात मोजावे लागू लागले. आखाती रुपयाची किंमतही त्याबरोबर ढासळणार होती. दुबईने रुपया सोडला. तात्पुरता सौदी रियाल घेतला आणि त्याच वर्षी कतारबरोबर नवा रियाल काढला. 2 डिसेंबर 1971 रोजी संयुक्त अरब अमिरातींचे संघराज्य झाले आणि 1973 साली दिरहम आला. सहा दशकांहून अधिक काळ मुंबईकडे तोंड करून बसलेले गाव अशा रीतीने वळले.

दोष कुणाला द्यायचा? मला वाटते, कुणालाच नाही. कोट्यवधी लोकांच्या देशाला धान्य, यंत्रे, धरणे यांसाठी परदेशी चलन राखणे भाग होते. चाळीस-पन्नास हजार वस्तीच्या बंदराला ती काळजी नव्हती. पण एवढे खरे की, आपण बंद केलेल्या प्रत्येक दारासमोर दुबईने एक दार उघडे ठेवले. 1968 सालचा आपला सुवर्णनियंत्रण कायदा 1990 साली रद्द झाला, आणि पुढे आयातीची वाट खुली होत गेली. आज देऱ्याच्या सोन्याच्या बाजारात मंगळसूत्राच्या वाट्याही काचेमागे टांगलेल्या दिसतात. पावती घेऊन, लागेल ती जकात भरून त्या घरी आणता येतात.

"अहो, पण हे सगळे तेलामुळे ना?" असे तुम्ही म्हणाल. सगळेच म्हणतात. तेव्हा जरा सनावळीकडे पाहा. खाडीत गाळ साचून मोठी गलबते आत येईनाशी झाली होती. शेख रशीद यांनी कुवेतकडून कर्ज घेऊन आणि रोखे काढून खाडी उपसायचे काम केले ते 1959 ते 1961 या काळात. गावची वार्षिक मिळकत पाहता हा जुगारच होता. पहिला विमानतळ उघडला सप्टेंबर 1960 मध्ये. त्याची धावपट्टी दाबून बसवलेल्या वाळूची, अठराशे मीटर लांब. डांबरी धावपट्टी झाली 1965 साली. खाडीवरचा पहिला पूल 1963 चा. आणि तेल सापडले कधी? 1966 साली, समुद्रात. त्याची निर्यात सुरू झाली 1969 साली. म्हणजे गलबत, विमान आणि मोटार, या तिघांच्या थांबण्याची सोय आधी झाली, तेल मागून आले. तेलाने वेग दिला, यात शंका नाही. 1972 चे रशीद बंदर आणि 1979 चे जबल अली बंदर त्याविना इतक्या लवकर झाले नसते. पण शेजारच्या अबू धाबीइतके तेल दुबईकडे कधीच नव्हते, आणि आज तिच्या उत्पन्नात तेलाचा वाटा अगदी किरकोळ उरला आहे.

1983 च्या डिसेंबरात विमानतळावर बिनजकातीची दुकाने निघाली. ऑक्टोबर 1985 मध्ये एमिरेट्स ही विमान कंपनी पाकिस्तानकडून भाड्याने घेतलेल्या विमानांवर सुरू झाली, आणि तिच्या पहिल्या मार्गांत कराचीबरोबर मुंबई होती. आगबोटींचा जुना रस्ताच तो! 2024 साली या विमानतळावरून 9 कोटी 23 लाख उतारूंची ये-जा झाली. त्यांतले कितीतरी शहरात पाऊलही न टाकता पुढे गेले. तुमच्या अठरा तासांचा बारीक हिशेब का ठेवतात, हे आता ध्यानात आले ना? शेख मक्तूमनी गलबताची जकात सोडली आणि ते थांबवले. नातवा-पणतवांनी विमानाचा उतारू थांबवला. धंदा तोच.

आता उन्हे कलली असतील. मेट्रोने उंच इमारतींकडे निघा. वाटेत 1979 सालचे एकोणचाळीस मजली व्यापार केंद्र लागते. बांधले तेव्हा ते वाळूत एकटेच उभे होते. शंभर दिरहमच्या नोटेवर त्याचे चित्र आले. आज त्याच्या आजूबाजूच्या बुरुजांत ते बुटके दिसते. पुढे 828 मीटर उंचीचा बुर्ज खलिफा, 4 जानेवारी 2010 रोजी उघडलेला. मान मोडेपर्यंत वर पाहून झाले की खालच्या बागेकडेही पाहा. ही इमारत थंड ठेवताना हवेतली वाफ थंडावून जे पाणी गळते, तेही गोळा करून बागेला घालतात. शहराचे पिण्याचे पाणी जवळजवळ सारे समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळते. म्हणजे हवा यंत्राची, पाणी यंत्राचे. या शहराला निसर्गाने फुकट काहीच दिलेले नाही, आणि जे दिले तेही कधी अवेळी: 16 एप्रिल 2024 रोजी एका दिवसात वर्षभराहून अधिक पाऊस पडला, धावपट्ट्यांवर पाणी साचले आणि उतारूंचे लोंढे विमानतळावर अडकून पडले. जगाला थांबवून घेणाऱ्या शहराला त्या दिवशी स्वतःलाच थांबावे लागले.

पण हे बांधले कुणी? 1968 च्या जनगणनेत दुबईची वस्ती सुमारे 59 हजार होती. आज ती छत्तीस लाखांच्या पुढे गेली आहे, आणि तिच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास लोक परदेशी आहेत: मलबारचे, पंजाबचे, आंध्रचे, नेपाळचे, पाकिस्तानचे, बांगलादेशचे, फिलिपिन्सचे, आणि आपल्या रत्नागिरी-रायगडचेही. कुणी दुकानदार, कुणी डॉक्टर, कुणी हिशेबनीस, पण पुष्कळसे मजूर. राहण्याचा परवाना सहसा नोकरीला बांधलेला. नोकरी संपली की ठरावीक मुदतीत दुसरी शोधायची, नाहीतर घरी परतायचे. अलीकडे, 2019 पासून, काही थोड्यांना दहा वर्षांचे परवाने मिळू लागले आहेत. तरी इथे जन्मलेल्या, इथल्याच शाळेत शिकलेल्या मुलाला जन्मामुळे इथले नागरिकत्व मिळत नाही. चाळीस वर्षे राहिलेला माणूससुद्धा कायद्याच्या दृष्टीने मुक्कामाला आलेला पाहुणाच.

आणि आता ती आगाऊ रक्कम आठवा. मजुराकडून भरतीचे पैसे घेणे कायद्याला मान्य नाही. तरीही गावच्या सावकाराकडून कर्ज काढून दलालाचे हात ओले करून निघालेला माणूस दुर्मिळ नाही. पहिले वर्ष-दीड वर्ष तो ते कर्जच फेडीत असतो. पूर्वी पाणबुडा ऐन उन्हाळ्यात दोराला बांधून खाली जाई. हा दोराला बांधून काचेच्या भिंतीवर वर जातो. एवढा फरक मात्र पडला की, 2005 पासून भर उन्हाळ्यात दुपारी उघड्यावरचे काम थांबवण्याचा नियम आहे: 15 जून ते 15 सप्टेंबर, साडेबारा ते तीन. अडीच तासांचा विसावा. तुमच्या माझ्या दृष्टीने ही लहानशी गोष्ट. पण ज्याने वाळूवरचे दुपारचे ऊन सोसले आहे, त्याला विचारा.

म्हणून एक सुचवतो. या शहराला नुसते चकचकीत म्हणून भारून जाऊ नका आणि नुसते कृत्रिम म्हणून नाकही मुरडू नका. ज्याच्याजवळ पाणी नाही, शेत नाही, अशा गावाने दुसऱ्याच्या वाटेवर आपली उपजीविका बांधली, हे काही थोडे शहाणपण नव्हे. ते शहाणपण जमायला आपल्या मुंबईचा, आपल्या रुपयाचा आणि आपल्या माणसांच्या घामाचा हात लागला, हेही विसरू नका. आणि वाटसरूच्या सोयीचा जितका विचार या शहराने केला, तितका ती सोय उभी करणाऱ्याचा केला का, हा प्रश्न मनात राहू द्या. तो केवळ दुबईला विचारायचा आहे असे नाही. ऊसतोडीच्या मजुराला उचल देऊन बांधून ठेवणारे आपणही त्याचे देणेकरी आहोत.

रात्री विमानतळावर परत याल. तुमचे पुढचे विमान लागेपर्यंत शेजारच्या दारावर मुंबईचे किंवा कोचीचे विमान लागलेले असेल. रांगेत एखादा माणूस दोरीने घट्ट बांधलेले खोके सांभाळीत उभा असेल. दोन वर्षांनी घरी निघालेला. वेळ असला तर त्याच्याशी चार शब्द बोला. "घर कुठं तुमचं?" असे विचारा. ज्या शहरात त्याने उमेदीची वर्षे काढली त्याचे नाव तो सांगणार नाही. तो कुठल्या तरी तालुक्यातल्या लहानशा गावाचे नाव सांगेल, पोस्टासकट.